दहा महिन्यांचा मुलगा खेळण्यांशी खेळतच नाही, सगळं फेकतो. काय करू?

चाफेकळी

माझा मुलगा परवा दहा महिन्यांचा झाला. घरात खेळण्यांनी भरलेली मोठी टोपली आहे. बटण दाबलं की गाणं वाजणारी गाडी, दिवे लुकलुकणारा हत्ती, रंगीत कड्यांचा मनोरा, मऊ ठोकळे. यातलं काहीही तो पाच मिनिटं हातात धरत नाही. उचलतो, तोंडात घालतो, फेकतो. मी मनोऱ्यात कड्या घालून दाखवते, तो मनोरा उलटा करून सगळ्या सांडतो. जेवणाच्या खुर्चीत बसवलं की चमचा खाली टाकतो. मी उचलून देते, तो परत टाकतो. आज सकाळी मोजलं, एकोणीस वेळा.

दुसरं म्हणजे तो अजून रांगत नाही. बसतो छान, पण पोटावर ठेवलं की दोन मिनिटांत रडायला लागतो. ओळखीतलं एक बाळ याच्याहून पंधरा दिवसांनी लहान आहे, ते धरून उभं राहतं. वॉकर आण म्हणून मला आतापर्यंत तिघांनी सांगितलंय. मी घरून काम करते. कामाच्या वेळी त्याला मोबाईलवरची गाणी लावून देते, हेही लपवत नाही. दिवसभर मनात एकच घोळत असतं, की त्याच्या वाढीच्या या दिवसांत माझ्याकडून काहीतरी राहून जातंय.

वॉकर आणू का? या वयाला कुठली खेळणी योग्य? कृपया अनुभव सांगा.

रात्रपाळी

आमच्याकडेही हेच चालू आहे. मुलगी अकरा महिन्यांची. धागा वाचतोय.

दोन_नातवंडांची_आजी

चाफेकळी, आधी एक विचारते. चमचा पडला की तो कुठे बघतो? तुझ्याकडे की जमिनीकडे? उद्या जरा नीट बघ.

माझ्या धाकट्या नातीने याच वयात महिनाभर हा उद्योग केला. सुरुवातीला मी नुसती उचलून देत होते. एक दिवस गुडघे दुखायला लागले म्हणून तिच्या खुर्चीशेजारी खालीच बसले, तेव्हा दिसलं की ती दर वेळी काहीतरी वेगळं करतेय. एकदा हात सरळ धरून एकेक बोट उघडलं. मग हात बाजूला नेऊन सोडलं, मग अगदी वर नेऊन. चमचा टणकन वाजला की ती दचकून डोळे मिटायची. पाचसहा वेळा झाल्यावर चमचा हातातून सुटला की आवाज यायच्या आधीच डोळे मिटून तयार! मग मी तिच्या हातात एक मऊ फडकं दिलं. तिने ते टाकलं, डोळे मिटले, आणि आवाज आलाच नाही. एक डोळा उघडून तिने वाकून खाली पाहिलं. कितीतरी वेळ बघत होती. मग हात पुढे करून फडकं परत मागितलं, चमचा नाही.

त्या दिवसापासून मी त्याला फेकणं म्हणायचं सोडलं. मूठ आवळणं जन्मतःच येतं, तान्ह्याच्या तळहातावर बोट ठेवलं की ते धरतंच. पण धरलेली वस्तू मनात येईल तेव्हा सोडणं हे शिकावं लागतं आणि ते साधारण याच सुमाराला जमायला लागतं. तुझा मुलगा ते शिकतोय ग. नुकतं जमलंय म्हणून परत परत करतोय.

गवतफूल

आजींना शंभर टक्के अनुमोदन. मी लहान मुलांच्या पाळणाघरात काम करते, म्हणून थोडी भर घालते.

झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने स्वतःच्या तीन मुलांची अशीच तासन् तास निरीक्षणं करून टिपणं ठेवली होती. त्याचा मुलगा दहा-अकरा महिन्यांचा असताना पडल्या पडल्या हात वेगवेगळ्या दिशांना नेऊन वस्तू सोडायचा आणि त्या कुठे पडतात ते बघायचा. चाफेकळीच्या घरी आत्ता नेमकं तेच चाललंय. कड्या सांडण्याचंही तसंच. आत घालण्याआधी बाहेर काढणं जमतं, रचण्याआधी पाडणं जमतं. तुम्ही मनोरा रचा, त्याला पाडू द्या, दोघं मिळून हसा. एवढा खेळ या वयाला पुरेसा आहे. काही महिन्यांनी तो स्वतःहून कडी दांड्याजवळ आणेल.

खेळण्यांबद्दल सविस्तर रात्री लिहिते, आता मुलं उठायची वेळ झाली.

पाऊलवाट

मी बालरुग्णांसाठी फिजिओथेरपी करते. बाळाला न पाहता निदान करणार नाही, पण रांगण्याबद्दल आणि वॉकरबद्दल लिहायलाच हवं.

जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या ८१६ निरोगी मुलांचा मागोवा घेऊन कोणती हालचाल कधी येते याच्या खिडक्या २००६ मध्ये प्रसिद्ध केल्या. खिडकी हा शब्द मला फार आवडतो, कारण तारीख म्हटलं की आईच्या पोटात गोळा येतो. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने. हातागुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिने. स्वतंत्र चालणं ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे एक मूल साडेआठ महिन्यांत चाललं आणि दुसरं सतराव्या महिन्यात, तरी दोघंही खिडकीच्या आतच. शिवाय त्या मुलांपैकी ४.३ टक्के हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. काही बसल्या बसल्या घसरत पुढे गेली असतील, काही थेट उभी राहिली असतील. तेव्हा पंधरा दिवसांनी लहान बाळ उभं राहतंय ही तुलना आजपासून बंद करा.

वॉकर आणू नका. हे मी शक्य तितक्या ठामपणे सांगतेय. त्यात बाळ बोटांच्या टोकांवर ढकलत जातं, कमरेचा तोल सांभाळायचं काम वॉकरची बैठक करते आणि स्वतःचे पाय त्याला दिसत नाहीत. चालणं लवकर येतं हा समज खोटा आहे, उलट उशीर झाल्याचं अभ्यासांत दिसलंय. त्याहून गंभीर म्हणजे अपघात. चाकं असल्यामुळे बाळ एका क्षणात जिन्यापर्यंत, गरम भांड्यापर्यंत पोहोचतं. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवरच बंदी घातली.

आता माझा प्रश्न. तो दिवसातून किती वेळ जमिनीवर मोकळा असतो? खुर्ची, झोपाळा, गाडी, मांडी हे सगळं वजा करून सांगा. रागावणार नाही, खरं सांगा.

चाफेकळी

काल दिवसभर कागदावर लिहून ठेवलं. जेवणाची खुर्ची पावणेदोन तास (कारण तिथेच मोबाईल लावते). झोपाळ्याची खुर्ची दोन तास दहा मिनिटं. बाबागाडी पाऊण तास. कडेवर किती ते मोजताच आलं नाही. जमिनीवर मोकळा: सगळं मिळून पंचवीस मिनिटं. त्यातही चारी बाजूंनी उशा लावून बसवलेला.

आकडा बघून रडू आलं.

पाऊलवाट

चाफेकळी, कागदावर लिहून काढलंत, हेच मोठं काम झालं. इथून पुढचं सोपं आहे.

उशा लावून बसवलेलं बाळ अडकून पडतं. त्याला बसणं येतं, पण बसल्यापासून जमिनीवर जाणं आणि जमिनीवरून परत बसणं येत नाही. रांगणं त्या मधल्या वळणात दडलेलं असतं. हंगेरीतल्या बालरोगतज्ज्ञ एमी पिकलर यांचा सगळा भर यावरच होता. बाळ स्वतःहून ज्या स्थितीत जाऊ शकत नाही त्या स्थितीत त्याला ठेवू नये, कारण मग त्यातून बाहेर यायलाही आपणच लागतो. त्यांनी १९४६ पासून बुडापेस्टमधलं एक बालगृह याच विचाराने चालवलं. मी प्रत्येक बाबतीत इतकी कडक नाही, पण बसत्या बाळाच्या उशा काढा हे नक्की सांगेन.

जाड सतरंजी घाला. मऊ गादी नको, गादीत हातपाय रुततात आणि जोर लावता येत नाही. पायमोजे काढा, गुडघे उघडे ठेवा. तो बसलेला असताना आवडीची वस्तू समोर ठेवू नका, उजवीकडे किंवा डावीकडे ठेवा, हात लांबवला तर जेमतेम पोहोचेल अशी. त्याला एका हातावर भार टाकून वळावं लागेल. सुरुवातीला चिडेल. लगेच वस्तू हातात देऊ नका, पण रडवूही नका. तुम्ही समोर उताण्या किंवा पालथ्या पडून राहा, तुमचा चेहरा त्याच्या पातळीवर आला की तो जास्त वेळ टिकतो. पोटावर दोन मिनिटं टिकतो ना? मग दोनच मिनिटं, पण दिवसातून आठदहा वेळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शनातही, अजून रांगत नसलेल्या बाळाला जागेपणी दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं पोटावर ठेवावं आणि खुर्चीत किंवा गाडीत एका वेळी तासापेक्षा जास्त बांधून ठेवू नये असं सांगितलंय. झोपवायचं मात्र नेहमी पाठीवरच. पोटावर ठेवायचं ते जागेपणी आणि नजरेसमोर.

सायंतारा

आमच्या मुलीने वॉकर वापरला होता, तिला काहीच झालं नाही. उगाच नव्या आयांना घाबरवू नये असं वाटतं.

पाऊलवाट

सायंतारा, तुमच्या मुलीला काही झालं नाही याचा आनंदच आहे. मी घाबरवत नाहीये. पण एक वर्षाचं मूल वॉकरसकट तीन पायऱ्या खाली गेलेलं मी पाहिलंय आणि त्याची आई दोन हातांवर उभी होती. दोन हात म्हणजे अंतर सांगतेय. तिचं लक्ष होतं, तरी पोहोचता आलं नाही.

गवतफूल

खेळण्यांबद्दल लिहिते म्हटलं होतं.

चाफेकळी, टोपलीतली तीन-चार खेळणी ठेवा, बाकीची नजरेआड करा. अमेरिकेत २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात दीड ते अडीच वर्षांच्या ३६ मुलांना एकदा चार आणि एकदा सोळा खेळणी देऊन पाहिलं. चार खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त वेगवेगळ्या तऱ्हांनी खेळली. पाळणाघरात मी हे रोज बघते. समोर ढीग असला की मुलं टोपलीच उलटी करतात आणि निघून जातात. आठदहा दिवसांनी खेळणी बदलायची, जुनं परत आलं की नव्यासारखं वाटतं.

गाणी वाजणारी खेळणी मी आधी बाजूला काढेन. आणखी एका अभ्यासात दहा ते सोळा महिन्यांच्या बाळांना आईबाबांबरोबर तीन प्रकारच्या वस्तू दिल्या होत्या: बॅटरीवरची खेळणी, साधी खेळणी आणि पुस्तकं. बॅटरीवरची खेळणी असताना मोठी माणसं सगळ्यात कमी बोलली आणि बाळांनीही कमी आवाज काढले. खेळणं बोलायला लागलं की आपण गप्प बसतो.

माझ्याकडे एक पसरट टोपली आहे. तिच्यात सध्या आहे: स्टीलची वाटी, लाकडी चमचा, झाकणाचा डबा, स्वच्छ धुतलेला मोठा ब्रश, सुती रुमाल, जाड दोरीचा विणलेला गोळा, चाळणी. थंड, खरखरीत, जड, हलकं असं सगळं एकेक. बाळाला टोपलीपाशी बसवायचं आणि आपण हाताच्या अंतरावर शांत बसायचं. "हे बघ, ते बघ" करायचं नाही. परवा एका नऊ महिन्यांच्या मुलीने वाटी आणि चमचा यांत सतरा मिनिटं काढली. वाटी तोंडाला लावून "आ" केलं, आवाज घुमला, तिने वाटी बाजूला करून आत बघितलं. मग परत "आ".

तोंडात घालण्याबद्दल: घालू द्या. या वयात जिभेला आणि ओठांना बोटांइतकंच, किंबहुना जास्त कळतं. फक्त वस्तू स्वच्छ आणि मोठी हवी. टिश्यूच्या गुंडाळीत पुठ्ठ्याची नळी असते ना, तिच्यातून जी वस्तू आरपार जाते ती तीन वर्षांखालच्या मुलाच्या हातात नको. आणि ज्या खेळण्यांत बटणासारखी चपटी बॅटरी असते त्यांचं झाकण स्क्रूने बंद आहे का हे आज रात्रीच तपासा. ती बॅटरी गिळली गेली तर दोन तासांत अन्ननलिका भाजून निघू शकते. शंका जरी आली तरी वाट न बघता थेट रुग्णालय गाठायचं.

रात्रपाळी

माझी एक वेगळी अडचण. मी दिवसा घरी असतो, मुलगी माझ्याकडेच. पण मी स्वभावाने अबोल माणूस आहे. सगळे म्हणतात बाळाशी सतत बोला. काय बोलू? तिला कळत नाही, मला सुचत नाही. म्हणून टीव्ही चालू ठेवतो, निदान शब्द तरी कानावर पडतील म्हणून.

दोन_नातवंडांची_आजी

बाबा रे, टीव्ही बंद कर आणि तिला आधी बोलू दे.

ती "बा" म्हणाली की तू "बा" म्हण आणि थांब. मनात पाच आकडे मोज. ती बघेल, विचार करेल, परत काहीतरी म्हणेल. झालं तुमचं बोलणं सुरू. ती दिव्याकडे बघत असेल तर "दिवा" म्हण. ती ज्याकडे बघतेय त्याचं नाव घ्यायचं, आपल्याला दाखवायचंय त्याचं नाही. कपडे बदलताना "आता हात घालूया" म्हणून थांबलास की महिन्याभरात ती स्वतःच हात पुढे करेल. माझे यजमानही अबोलच होते. मुलांशी त्यांचं बोलणं असं थांबत थांबतच व्हायचं आणि मुलं त्यांच्याकडेच जास्त रमायची.

गवतफूल

आजींनी टीव्हीबद्दल सांगितलंय त्याला जोडून. २००३ साली प्रसिद्ध झालेला पॅट्रिशिया कुल यांचा एक प्रयोग आहे. इंग्रजी घरांतल्या नऊ महिन्यांच्या बाळांना बारा सत्रांत चिनी भाषा ऐकवली. काही बाळांपुढे प्रत्यक्ष माणूस बसून बोलत, खेळत होता. काहींना त्याच माणसांची चित्रफीत दाखवली. समोर माणूस असलेली बाळं त्या भाषेतले आवाज ओळखायला शिकली, चित्रफीत बघणारी काहीच शिकली नाहीत. शब्द तेच, आवाज तेच. म्हणून रात्रपाळी, तुमचे दहा शब्द टीव्हीच्या दहा हजारांपेक्षा तिच्या जास्त कामाचे आहेत.

मोगरा_अंगणी

इतके दिवस नुसतं वाचत होते. आता लिहिते, कारण "प्रत्येक मूल आपल्या गतीने शिकतं" हे वाक्य मला फार महाग पडलं.

माझी मुलगी एक वर्षाची झाली तरी बा-बा, मा-मा अशी अक्षरं जोडत नव्हती. बोट दाखवत नव्हती. दार आपटलं की वळायची, म्हणून ऐकू येतं असं सगळ्यांनी गृहीत धरलं. मी एका डॉक्टरांना दोनदा विचारलं. दोन्ही वेळा उत्तर मिळालं, की काही मुलं उशिरा बोलतात, आई फार काळजी करते. दीड वर्षाची झाल्यावर मी स्वतःच श्रवणतपासणी करून घेतली. दोन्ही कानांनी कमी ऐकू येत होतं. दार आपटण्याचा दणका पोहोचत होता, माझं बोलणं पोहोचत नव्हतं. आता श्रवणयंत्र आहे, वाचाउपचार चालू आहेत, ती बोलते. पण ते सहा महिने मला परत मिळणार नाहीत.

म्हणून सांगते. बाराव्या महिन्यापर्यंत बडबड नाही किंवा टाटा करणं, बोट दाखवणं असे हावभाव नाहीत, सोळाव्यापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत दोन शब्द जोडून बोलत नाही, तर तपासून घ्या. येत असलेली गोष्ट कुठल्याही वयात गेली, तर त्याच आठवड्यात जा. आणि एकाने उडवून लावलं तर दुसऱ्याकडे जा.

पाऊलवाट

मोगरा, लिहिल्याबद्दल मनापासून आभार. माझी भर हालचालींपुरती: नऊ-दहा महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही, अठरा महिन्यांत चालत नाही, अंग फार ताठ किंवा फार सैल वाटतं, किंवा वर्षाच्या आतच एकच हात वापरतो आणि दुसरा नेहमी मुठीत, तर दाखवा. एवढ्या लहान वयात डावरा-उजवा ठरत नाही, इतक्या लवकर एकच हात पुढे येणं हे दुसऱ्या हाताची तक्रार असू शकते. मूल दिवस भरण्याआधी जन्मलेलं असेल तर दोन वर्षांपर्यंत त्याचं वय मूळ अपेक्षित तारखेपासून मोजा.

सायंतारा

मोगरा, वाचून गलबलून आलं. पाऊलवाट, तुमचं वॉकरबद्दलचंही परत वाचलं. माळ्यावर ठेवलेला बहिणीला देणार होते, तो आता देणार नाही.

एक विचारू? मुलगी आता दोन वर्षांची आहे. शेजारच्या मुलाबरोबर बसवली की दोघं पाठ करून आपापलं खेळतात आणि एकमेकांचं ओढून घेतात. स्वभावाने आपमतलबी होईल का?

गवतफूल

अजिबात नाही. शेजारी बसून आपापलं खेळणं ही या वयाची पायरीच आहे. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ मध्ये तिला समांतर खेळ असं नाव दिलं होतं. नीट बघितलंत तर एकाने ठोकळा आपटला की थोड्या वेळाने दुसराही आपटतो, म्हणजे लक्ष आहेच. सारख्या दोन वस्तू ठेवा, भांडणं निम्मी होतील.

चाफेकळी

साडेतीन आठवड्यांनी येतेय, सगळ्यांना सांगायचं होतं.

झोपाळ्याची खुर्ची देऊन टाकली. हत्ती आणि गाडी कपाटात, बॅटरी काढून. मोबाईल पूर्ण बंद झालेला नाही. जेवणाच्या वेळी बंद केला, कामाच्या बैठकीत अजून एकदा लागतो, तेवढा एक वेळ नवरा घरी येऊन सांभाळेल असं आता ठरवतोय. मोगरा, त्याचे कानही तपासून घेतले, ठीक आहेत. तुम्ही लिहिलं नसतं तर मला सुचलंच नसतं.

पहिला आठवडा रडण्यात गेला, त्याच्या आणि माझ्याही. दुसऱ्या आठवड्यात तो वाटीसाठी उजवीकडे वळला, हात टेकला आणि तसाच पालथा पडला. रडला नाही, कारण वाटी हातात आली होती. मग हे रोजचं झालं. गुरुवारी मी सतरंजीवर पालथी पडून होते आणि वाटी घरंगळत खाटेखाली गेली. मी उठणार होते, पण आजींचं "पाच आकडे मोज" आठवलं म्हणून थांबले. तो हातागुडघ्यांवर आला, पुढेमागे डुलत राहिला, मग एक हात उचलला, गुडघा सरकला. दोन वेळा तोंडावर आपटला. खाटेखाली गेला. आतून वाटी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला आणि मग "आ".

आता तो धरून उभा राहायला बघतो आणि धपकन बसतो. पाऊलवाट, याला किती पडू द्यायचं?

पाऊलवाट

चाफेकळी, वाचून माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

पडू द्या. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या मुलांचा मुक्त खेळ मोजला होता. तासाला सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. टोकदार कोपरे झाका, जड कपाट भिंतीला घट्ट बसवून घ्या, पाय अनवाणी ठेवा. पडल्यावर आधी त्याचा चेहरा बघा, मग धावा. आणि दोन्ही हात धरून चालवू नका, तो खाटेला धरून बाजूबाजूने सरकेल, ते जास्त उपयोगाचं.

रात्रपाळी

टीव्ही बंद करून वीस दिवस झाले. आज सकाळी कामावरून आलो, दार उघडलं, ती सतरंजीवरून माझ्याकडे बघून "बा" म्हणाली. मी "बा" म्हणालो आणि थांबलो. पाच मोजून व्हायच्या आत तिने खिडकीकडे बोट दाखवलं. बाहेर पक्षी होता.